स्पिनोझा: देव मानला, पण नवसाला पावणारा नव्हे

२७ जुलै १६५६ रोजी ॲमस्टरडॅमच्या ज्यू समाजाने तेवीस वर्षांच्या बारूख स्पिनोझा या तत्त्वज्ञाला वाळीत टाकले. त्याच्याशी कुणी बोलायचे नाही, एका छपराखाली राहायचे नाही, चार हातांच्या आत जायचे नाही, त्याचे लिखाण वाचायचे नाही, असे फर्मान निघाले. न वाचता मते बनवण्याची ती रीत पुढेही टिकली.

गैरसमज: स्पिनोझा नास्तिक होता.
वस्तुस्थिती: ‘एथिक्स’ या त्याच्या मुख्य ग्रंथाचा पहिला भागच देवावर आहे. फक्त हा देव म्हणजेच निसर्ग. तो कुणावर कोपत नाही, नवसाला पावत नाही. छपरावरून दगड पडून माणूस दगावला, की लोक विचारतात: वारा तेव्हाच का सुटला? तो माणूस त्याच वेळी तिथून का चालला होता? उत्तरे संपली की ‘देवाची इच्छा’. स्पिनोझाच्या मते हा अज्ञानाने शोधलेला आडोसा.

गैरसमज: हा तर आपलाच अद्वैत वेदान्त.
वस्तुस्थिती: एकच सत्ता मानण्यापुरते साम्य आहे. पण शांकर मतात जग माया ठरते. स्पिनोझाला झाड, दगड, तुम्ही-आम्ही ही त्या एकाच सत्तेची खरीखुरी रूपे वाटतात.

गैरसमज: स्पिनोझाच्या मते सगळेच कारणांनी ठरलेले, तर हातपाय गाळून बसावे.
वस्तुस्थिती: एका पत्रात तो म्हणतो, भिरकावलेल्या दगडाला जाणीव असती, तर आपण मर्जीने उडतोय असेच त्याला वाटले असते. माणसालाही इच्छा कळते, तिच्यामागची कारणे कळत नाहीत. ती कळू लागली की मनाची फरफट कमी होते. स्वातंत्र्य म्हणतात ते यालाच.

गैरसमज: बुद्धिवादी म्हणजे भावना मारणारा, रुक्ष माणूस.
वस्तुस्थिती: भावनेला तिच्याहून जोरकस भावनाच हटवू शकते, हे त्यानेच लिहिले. शहाण्याने बेताने रुचकर खावे-प्यावे. सुगंध, हिरवी झाडे, संगीत, नाटक यांत रमावे, असेही. ‘एथिक्स’ छापून आले १६७७ मध्ये, चव्वेचाळिसाव्या वर्षी तो गेल्यानंतर. त्यातले शेवटचे विधान सांगते, की आनंद हे सद्गुणाचे बक्षीस नव्हे. आनंद हाच सद्गुण. इथे पुण्य साठवायचे आणि सुख परलोकात वसूल करायचे, हा हिशेबच त्याने मोडीत काढला.