दाखल्यामागील यंत्रणा : वेब सेवांची मांडणी व कार्यान्वयन

शाळा-महाविद्यालयांच्या प्रवेशाचे दिवस आले, की बुलढाणा जिल्ह्यातील तेराही तालुक्यांत सेतू केंद्रांपुढे उत्पन्न, जात, अधिवास व नॉन-क्रिमीलेअर या दाखल्यांसाठी पालकांची गर्दी होऊ लागते. खिडकीतून “सर्व्हर डाउन आहे” असे उत्तर आले, की सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या संग्रामपूर वा जळगाव जामोद तालुक्यातून आलेल्या माणसाची त्या दिवसाची मजुरी बुडते आणि एस. टी.चे भाडे वाया जाते. पुष्कळदा मात्र सर्व्हर बंद पडलेला नसतोच. त्याच्या मांडणीत कोठेतरी उणीव राहिलेली असते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा विहित मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क असून, कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत शास्ती होऊ शकते. अशा स्थितीत या यंत्रणेची निदान तोंडओळख तरी अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांना असणे अगत्याचे आहे.

वेब सेवा म्हणजे एका संगणकाने दुसऱ्या संगणकाशी ठरलेल्या नमुन्यात केलेला पत्रव्यवहार होय. गाव नमुना सात व बारा यांतील रकाने जसे ठरलेले असतात, तसेच कोणती माहिती मागावयाची, ती कोणत्या क्रमाने द्यावयाची व उत्तर कोणत्या स्वरूपात मिळेल हे येथे आधीच निश्चित केलेले असते. ‘सोप’ या पद्धतीत हा करार ‘डब्ल्यूएसडीएल’ नावाच्या दस्तऐवजात लिहिला जातो. २००० साली रॉय फील्डिंग यांनी आपल्या प्रबंधात मांडलेली ‘रेस्ट’ ही पद्धत त्या मानाने सुटसुटीत असल्यामुळे नव्या कामांत तिचाच वापर अधिक दिसतो. जुन्या योजनांत सोप अजून टिकून आहे, आणि ते चालू असताना केवळ नवेपणासाठी मोडण्यात अर्थ नाही.

अशा सेवा लिहिण्यासाठी, १९९५ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने प्रसिद्ध केलेली जावा ही भाषा मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. जावात लिहिलेली सेवा ‘वॉर’ या प्रकारच्या एका बंद पेटीत भरतात आणि ती पेटी टॉमकॅट, वाइल्डफ्लाय यांसारख्या सर्व्हरच्या स्वाधीन करतात. विनंती स्वीकारणे, डेटाबेसशी जोडणी राखणे, सुरक्षा पाहणे ही सामाईक कामे सर्व्हर करतो. दाखल्याचे नियम तेवढे पेटीत असतात. कचेरीची इमारत, टपाल शाखा व अभिलेख कक्ष सर्वांचे एकच आणि कार्यासने निराळी, असाच हा प्रकार आहे.

जोडण्यांचे गणित

मांडणीतील सर्वांत महत्त्वाचा आकडा डेटाबेसशी एका वेळी किती जोडण्या ठेवावयाच्या याचा असतो. समजा, २० जोडण्या आहेत व प्रत्येक अर्जास एक जोडणी २ सेकंद लागते. म्हणजे सेकंदाला १० अर्ज निघतील. प्रवेशाच्या दिवसांत सेकंदाला ३० अर्ज येऊ लागले, तर दर सेकंदास २० अर्ज मागे पडतील आणि एका मिनिटात १,२०० अर्ज तुंबतील. खामगावच्या बाजारात कापसाच्या गाड्यांची रीघ लागावी आणि वजनकाटे मात्र दोनच असावेत, तशी ही अवस्था होय. काटा चालू असतो. शेवटच्या गाडीवाल्यास मात्र बाजार बंद असल्यासारखे वाटते.

याहून घातक चूक दुसरीच आहे. आपली सेवा दुसऱ्या एखाद्या सेवेकडे, उदाहरणार्थ ओळख पडताळणीसाठी, विचारणा करते आणि उत्तर येईपर्यंत डेटाबेसची जोडणी अडवून ठेवते. पलीकडील सेवा मंदावून उत्तरास ३० सेकंद लागू लागली, तर त्याच २० जोडण्यांतून सेकंदाला एकही अर्ज धड निघत नाही. दोष शेजाऱ्याचा, पण थांबतो सारा जिल्हा. म्हणून उत्तराची वाट किती वेळ पाहावयाची याची मर्यादा मांडणीत लिहिलीच पाहिजे, आणि वाट पाहताना जोडणी मोकळी केली पाहिजे. केवळ जोडण्यांची संख्या वाढविणे हा उपाय सोपा वाटतो. परंतु तेवढा भार डेटाबेसला पेलला नाही, तर तोही मंदावतो.

नाव आणि क्रमांक

या जिल्ह्याचे नाव मराठीत ‘बुलढाणा’ व ‘बुलडाणा’ असे दोन्ही प्रकारे लिहिले जाते. वाचणाऱ्यास अडचण पडत नाही. संगणकाच्या लेखी मात्र हे दोन निराळे जिल्हे होत. येथील मलकापूरचे नामबंधू सातारा व कोल्हापूर जिल्ह्यांत आहेत, आणि जळगाव म्हटले की जळगाव जामोद की शेजारचा जळगाव जिल्हा, हा प्रश्न उरतोच. म्हणून दोन सेवांमधील देवाणघेवाण नावाने न करता क्रमांकाने करावयाची असते. शिक्षकांना हे नवीन नाही. जिल्ह्यातील शाळांच्या यूडायस क्रमांकाचा आरंभ २७०४ असा असतो. त्यातील २७ हा महाराष्ट्राचा व ०४ हा जिल्ह्याचा क्रमांक होय. २०११ च्या जनगणनेत मात्र याच जिल्ह्याला ५०० हा क्रमांक होता. तेव्हा कोणत्या यादीतील क्रमांक वापरावयाचा, हेही करारात स्पष्ट लिहिलेले असावे. पंचायतींसाठी केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाची स्थानिक शासन निर्देशिका हाच आधार धरणे इष्ट होय.

नावे छापावी तर लागतातच, आणि तेथे देवनागरीचा प्रश्न येतो. यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास ३ बाइट लागतात. ‘सिंदखेड राजा’ हे नाव रोमन लिपीत १३ बाइटांत मावते. देवनागरीत त्याला ३४ लागतात. रकान्याची मर्यादा ३० बाइट ठेवली असेल, तर नाव अर्धवट साठेल किंवा अर्जच नाकारला जाईल. टॉमकॅटच्या आठव्या आवृत्तीपूर्वी पत्त्याच्या ओळीतून आलेला मजकूर मुळात यूटीएफ-८ मानला जात नसे. ती सूचना मांडणीत वेगळी द्यावी लागे. जेथे ती राहून गेली, तेथे मराठी नावांच्या जागी अगम्य चिन्हे उमटली.

तारखेचा घोटाळा याहून सूक्ष्म आहे. भारतीय वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे असते. १५ जूनच्या मध्यरात्रीचे शून्य वाजले म्हणून नोंदलेली जन्मतारीख जागतिक वेळेत बदलली, की १४ जूनची सायंकाळचे साडेसहा अशी होते. त्यातील वेळ गाळून नुसती तारीख छापली, तर मूल कागदावर एक दिवस आधी जन्मते. शाळेच्या दाखलखारीज नोंदवहीत ती तारीख एकदा गेली, की दुरुस्तीसाठी पालकांना किती खेटे घालावे लागतात हे मुख्याध्यापक जाणतात. जन्मतारीख ही वेळ नसून केवळ तारीख आहे, हे सेवेच्या नमुन्यातच ठरवून टाकणे हा यावरील खरा इलाज होय.

कार्यान्वयन

नवी पेटी थेट चालू सर्व्हरवर ठेवू नये. आधी तशाच मांडणीच्या चाचणी सर्व्हरवर ती चालवावी, मराठी नावे व मध्यरात्रीच्या तारखा घालून पाहाव्यात, आणि मगच रात्रीच्या वेळी बदल करावा. जुनी पेटी हाताशी असू द्यावी. सर्व्हरची आवृत्ती बदलताना विशेष सावधगिरी हवी. जावाच्या ११ व्या आवृत्तीतून, म्हणजे २०१८ मध्ये, सोपसाठीचे अंगभूत साहित्य काढून टाकण्यात आले. २०२० च्या जकार्ता ईई ९ मध्ये तर मूळ नावेच बदलली. परिणामी टॉमकॅट ९ वर सुरळीत चालणारी जुनी पेटी टॉमकॅट १० वर रूपांतर केल्याशिवाय चालत नाही. डेटाबेसचा पासवर्ड पेटीत न ठेवता सर्व्हरच्या मांडणीत ठेवावा, म्हणजे तो बदलताना पेटी उघडावी लागत नाही.

सुरक्षा प्रमाणपत्रालाही मुदत असते. ती ज्या क्षणी संपते, त्या क्षणापासून दुसऱ्या बाजूचे संगणक जोडणी नाकारतात, आणि खिडकीवर पुन्हा तेच उत्तर मिळते. २४ एप्रिल २०२० रोजी ई-ग्रामस्वराज सुरू झाल्यानंतर ग्रामपंचायतींची देयके सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांच्या डिजिटल स्वाक्षरीने निघू लागली. त्या स्वाक्षरीची मुदत ज्याप्रमाणे ग्रामपंचायतीत लिहून ठेवतात, त्याचप्रमाणे सर्व्हरच्या प्रमाणपत्राची तारीखही कार्यालयाच्या नोंदवहीत असावी.

प्रत्येक सर्व्हर आपल्या कामाची आवक-जावक नोंदवही स्वतः लिहीत असतो. तिला ‘लॉग’ म्हणतात. कोणत्या वेळी कोणती विनंती आली, ती कोठे अडली व किती वेळ अडली हे तीत नमूद असते. केंद्रचालकाने अर्ज क्रमांक, दिनांक व पडद्यावर दिसलेला संदेश वेळेसह टिपून तालुक्याला कळविला, तर लॉगमधील नेमकी ओळ काही मिनिटांत सापडते. नुसते “सर्व्हर डाउन” एवढेच कळविले, तर तंत्रज्ञाला हजारो ओळी चाळाव्या लागतात आणि तोपर्यंत सायंकाळची शेवटची गाडी निघून गेलेली असते.