काळा स्क्रीन जाणार, एंटर मात्र राहणार



पहाटे ट्रॉलर जेटीला लागले की आपल्या सोसायटीच्या काउंटरवर डिझेल-बर्फाच्या पावत्यांसाठी रांग लागते. काउंटरवरची ताई स्क्रीनकडे फारसं बघतसुद्धा नाही. डोळे चिठ्ठीवर, बोटं कीबोर्डवर. बोटीचा नंबर, एंटर, लिटर, एंटर, पावती बाहेर! तो काळा स्क्रीन म्हणजे डॉसवरचा जुना फॉक्सप्रो प्रोग्राम. दिसायला जुनाट, हिशेबाला पक्का.

मग बदलायचा कशाला? डॉसचे प्रोग्राम ६४-बिट विंडोजवर थेट चालत नाहीत आणि विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्येच येतं. आपला संगणक ३२-बिट विंडोज १० वर आहे. त्याला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. उद्या हा संगणक बसला, तर तुमची ठेव, उचल, डिझेलची बाकी, सगळंच अडकेल.

बदलायचं हे ठरलं. वाद झाला तो स्क्रीन कसा हवा यावर. कोणी म्हणालं, सगळं मोबाइलवर आणा. कोणी म्हणालं, ब्राउझरवर करा, प्रत्येक संगणकावर वेगळं काही घालावं लागत नाही.

आम्ही ब्राउझरचा नमुना मागवला आणि ताईलाच त्यावर बसवलं. तिने सवयीने एंटर दाबला, तर अर्धीच पावती सेव्ह झाली. ब्राउझरच्या फॉर्ममध्ये पुढच्या रकान्यात टॅबने जायचं असतं. जुन्यात एफ५ दाबला की मागची बाकी दिसते. इथे एफ५ने पानच नव्याने उघडलं आणि भरलेलं सगळं गेलं. हे सुधारता येतं, पण प्रोग्रामरला आधी सांगावं लागतं. तो डेमो दाखवतो माउसने, सावकाश. त्याच्यासमोर रांग नसते.

म्हणून आम्ही जागेप्रमाणे ठरवलं:

काउंटरवर: संगणकात बसवलेला विंडोज प्रोग्राम. रकान्यांचा क्रम आणि बटणं जुनीच, माउसला हात न लावता पावती निघाली पाहिजे.

जेटीवर: लिलावात हात ओले, रेंज कधी आहे कधी नाही. तिथे मोबाइल ॲप. बटणं मोठी, टायपिंग कमी, रेंज नसली तरी नोंद फोनमध्ये राहील आणि नंतर आपोआप जाईल.

तुमच्या घरी: बाकी बघायला साधं वेब पान. लिंक उघडा, बघा, बंद करा. ॲप घालायची गरज नाही.

स्क्रीन तीन, पण हिशेब एकच. दर, व्याज, कपात एकाच ठिकाणी ठरणार. नाहीतर काउंटर एक बाकी सांगेल आणि फोन दुसरीच, मग भांडण कोणाशी करायचं?

मे महिन्यात रोजच्या पावत्या संध्याकाळी नव्यातही भरून बाकी जुळवू. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते, तेव्हा शिकून घेऊ. ऑगस्टपासून नवीन चालू. जुना संगणक मात्र लगेच भंगारात जाणार नाही.

तुमच्याकडून एकच काम हवं. जुनी मराठी नावं जुन्या फॉन्टमध्ये आहेत. ती युनिकोडमध्ये आणताना काना-मात्रा, जोडाक्षरं बिघडू शकतात. बंदीच्या काळात पासबुक घेऊन या आणि आपलं नाव, बोटीचा नंबर, बाकी स्वतः तपासा. ऑगस्टच्या रांगेत चूक सापडण्यापेक्षा जूनमध्ये सापडलेली बरी.