एक्सएमएल आणि वेब ॲप्लिकेशन

एक्सएमएल ही मजकुराला खुणा जोडून त्याची रचना स्पष्ट करणारी संगणकीय खूणभाषा आहे. ‘एक्स्टेन्सिबल मार्कअप लँग्वेज’ या नावाचे हे लघुरूप होय. एसजीएमएल या जुन्या व अधिक गुंतागुंतीच्या भाषेतून ती घडवण्यात आली आणि वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने १० फेब्रुवारी १९९८ रोजी तिची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. निरनिराळ्या लोकांनी, निरनिराळ्या भाषांत लिहिलेल्या आज्ञावलींनी एकमेकींची माहिती बिनचूक वाचावी, यासाठी वेब ॲप्लिकेशनांमध्ये तिचा उपयोग केला जातो.

लेखनाचे नियम

एचटीएमएलमध्ये टॅग ठरलेले असतात. एक्सएमएलमध्ये ते लिहिणाऱ्याने ठरवायचे असतात. ही भाषा युनिकोडवर आधारलेली असल्यामुळे टॅगची नावे देवनागरीतही देता येतात. पुढील नोंद नियमांनुसार पूर्णपणे शुद्ध आहे :

<पुस्तक भाषा="मराठी">
  <शीर्षक>श्यामची आई</शीर्षक>
  <लेखक>साने गुरुजी</लेखक>
</पुस्तक>

उघडलेला प्रत्येक टॅग बंद झाला पाहिजे आणि जो शेवटी उघडला तो आधी बंद झाला पाहिजे. डब्यात डबा ठेवावा तशी ही रचना असते. नियम मोडल्यास एचटीएमएल वाचणारा ब्राउझर चूक पोटात घालून पान दाखवतो. एक्सएमएल वाचणाऱ्या आज्ञावलीने मात्र अशा वेळी नेहमीचे काम थांबवून चूक कळवावी, असा दंडक आहे. हा कठोरपणा अनेकांना जाचक वाटतो. पण रक्कम किंवा जन्मतारीख अंदाजाने वाचली जाण्यापेक्षा न वाचली जाणे बरे.

मराठी टॅग वापरणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ‘शेतकऱ्याचे’ या शब्दातील ‘ऱ्या’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकता येतो : नुक्त्याच्या ‘ऱ’ने, किंवा साध्या ‘र’नंतर हलन्त व अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात. उघडणारा टॅग एका रूपात व बंद करणारा दुसऱ्या रूपात असेल तर सारा दस्तऐवज अशुद्ध ठरतो आणि चूक शोधूनही सापडत नाही.

शुद्धता ही पहिली पायरी झाली. कोणता घटक आवश्यक, कुठे अंकच हवा, कोणता क्रम पाळायचा, हे दोन्ही पक्ष आधी ‘स्कीमा’ या आराखड्यात लिहून ठेवतात. आलेला दस्तऐवज सर्व्हर प्रथम या आराखड्याशी ताडून पाहतो आणि मगच त्यातील माहिती वापरतो.

वाचन आणि रूपांतर

वाचनाच्या दोन पद्धती रूढ आहेत. ‘डॉम’ पद्धतीत संपूर्ण दस्तऐवजाचा वृक्ष स्मृतीत उभा केला जातो; त्यामुळे हव्या त्या फांदीवर जाता येते, पण मोठ्या फाइलीला स्मृती फार लागते. ‘सॅक्स’ पद्धतीत मजकूर ओळीने वाचत जाऊन भेटलेल्या प्रत्येक टॅगची वर्दी दिली जाते. १९९९मध्ये आलेल्या एक्सएसएलटी या भाषेने एकाच एक्सएमएल दस्तऐवजातून वेबपान, तक्ता किंवा वेगळ्या रचनेचा दस्तऐवज तयार करता येतो.

टॅगांचे तुकडे जोडून हाताने एक्सएमएल तयार करणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे. नावात ‘आणि’ या अर्थाचे ‘&’ चिन्ह आले की अशी फाइल मोडते. हे काम तयार ग्रंथालयांवर सोपवावे.

विश्वास आणि धोके

दस्तऐवज शुद्ध आहे म्हणून तो खरा ठरत नाही. आधारची ‘ऑफलाइन ई-केवायसी’ हे याचे चांगले उदाहरण आहे. यात नाव, पत्ता, छायाचित्र इत्यादी तपशील असलेली एक्सएमएल फाइल परवलीच्या शब्दाने बंद करून नागरिकाला मिळते. तीत पूर्ण आधार क्रमांक नसतो, मात्र प्राधिकरणाची डिजिटल स्वाक्षरी असते. फाइल घेणाऱ्या ॲप्लिकेशनने ही स्वाक्षरी पडताळणे अपेक्षित असते. पत्त्यातले एक अक्षर बदलले, इतकेच काय, वाचायला सोपे जावे म्हणून कोणी टॅगांच्या मध्ये नव्या ओळी घातल्या, तरी पडताळणी फसते. स्वाक्षरी न तपासता केवळ नाव-पत्ता उचलणारे ॲप्लिकेशन कोणीही लिहिलेली फाइल खरी मानील.

दुसरा धोका वाचनातच दडलेला आहे. एक्सएमएलमध्ये एका लहान नावामागे मोठा मजकूर ठेवण्याची सोय आहे. प्रत्येक नाव आधीच्या नावाच्या दहा प्रती मागवील अशी नऊ पायऱ्यांची साखळी केली, तर काही ओळींच्या फाइलीतून एक अब्ज प्रती तयार होतात आणि सर्व्हर कोलमडतो. याच सोयीच्या आधारे सर्व्हरवरील खाजगी फाइलही बाहेर काढता येते. म्हणून अनोळखी दस्तऐवज वाचताना ही सोय बंद ठेवतात.

जेसनचा उदय

ब्राउझरला पान न बदलता सर्व्हरकडून माहिती मागवता यावी, म्हणून ‘एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट’ ही सोय इंटरनेट एक्स्प्लोरर ५मध्ये १९९९ साली आली. २००५मध्ये या तंत्राला ‘एजॅक्स’ हे नाव मिळाले. गंमत अशी की नावात एक्सएमएल असूनही पुढे या वाटेने बहुतांशी जेसन हे आटोपशीर रूपच ये-जा करू लागले. भारतातील आयकर विवरणपत्रांच्या फाइलीही पूर्वी एक्सएमएल रूपात असत. २०२१-२२ या करनिर्धारण वर्षापासून त्यांची जागा जेसनने घेतली.

ज्या मजकुरात परिच्छेद, तळटिपा व खुणा एकमेकांत गुंतलेल्या असतात, तेथे मात्र एक्सएमएल टिकून आहे. ईपब पुस्तके, वर्डच्या डॉक्सएक्स फाइली व एसव्हीजी चित्रे याच भाषेवर उभी आहेत. विकिपीडियावरील लेख निर्यात केल्यास मिळणारी फाइलही एक्सएमएलच असते. लेखाच्या मजकुराबरोबर त्यात संपादकाचे सदस्यनाव आणि संपादनाची वेळ नोंदलेली असते.