तिसगाव? कोणते तिसगाव?

समजा, रात्रीचे दोन वाजले आहेत. पुण्याच्या नियंत्रण कक्षात १०८ या क्रमांकावर घंटा वाजते आणि एक घाबरलेला आवाज येतो, "लवकर गाडी पाठवा! वडील पडलेत, श्वास घेईनात. तिसगावहून बोलतोय!"

विद्यार्थी मित्रहो, फोन घेणाऱ्याच्या जागी तुम्ही असता, तर गाडी कोठे पाठवली असती? आपल्या पाथर्डी तालुक्यात करंजी घाटाच्या पुढे तिसगाव आहे, हे आपल्याला ठाऊक. पण नाशिक जिल्ह्यात दिंडोरीकडे तिसगाव आहे, छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजच्या बाजूला आहे आणि कल्याण पूर्वेतही आहे. म्हणून तो माणूस घाई न करता विचारतो, "जिल्हा कोणता? तालुका?" फोन करणाऱ्याला वाटते, हा काय चौकशा करीत बसला आहे! वस्तुतः त्या दोन प्रश्नांनी शेकडो किलोमीटरांची चूक टळलेली असते.

अडचण एवढीच नाही. माणसाच्या आवाजात सुमारे १०० हर्ट्‌झपासून आठ-दहा हजार हर्ट्‌झपर्यंतच्या लहरी असतात. साध्या टेलिफोनची वाहिनी मात्र ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा पुढे जाऊ देते. बोलणे समजायला तो पुरतो, पण 'स'ची बरीचशी ऊर्जा ४००० हर्ट्‌झच्या वर असते, ती गाळली जाते. त्यामुळे फोनवर 'स' आणि 'फ' एकमेकांसारखे भासतात. वाक्यात संदर्भाने आपण चूक सुधारून घेतो. गावाच्या नावाला संदर्भ कुठला? त्यात भर म्हणून रडारड, वारा, मोटारीची घरघर. मग "तलवारीचा त ना?" असे विचारून खात्री करून घ्यावी लागते. नव्या मोबाइल सेवांत हा पट्टा सुमारे ७००० हर्ट्‌झपर्यंत रुंद झाला आहे खरा, पण खेडोपाडी प्रत्येक फोन तसाच लागेल असे नाही.

तुम्ही म्हणाल, मोबाइलवरून जागा कळत नाही का? कळते, पण किती अचूक? रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते. म्हणजे मनोऱ्याने वेळ मोजताना एक मायक्रोसेकंदाची चूक केली, तर अंतरात ३०० मीटरांची चूक होणार. शिवाय खेड्यात एकच मनोरा कित्येक किलोमीटरांचा मुलूख सांभाळतो. फोनमधला उपग्रहाधारित जीपीएस काही मीटरांपर्यंत जागा सांगू शकतो. पण तो चालू असला पाहिजे आणि ती माहिती कक्षापर्यंत पोचलीही पाहिजे. म्हणून शेवटी भिस्त तोंडी पत्त्यावर: मारुतीचे देऊळ, पाण्याची टाकी, रस्त्याकडेच्या दगडावरचा आकडा.

अशा वेगळ्या क्रमांकाची कल्पना लंडनमधल्या एका आगीतून निघाली. नोव्हेंबर १९३५ मध्ये विंपोल स्ट्रीटवर पाच स्त्रिया जळून मेल्या. शेजाऱ्याने फोन केला होता, पण एक्स्चेंजमध्ये त्याचा फोन इतरांच्या रांगेत अडकला. ३० जून १९३७ रोजी तेथे ९९९ क्रमांक सुरू झाला. महाराष्ट्रात १०८ची सेवा २६ जानेवारी २०१४ पासून आहे. तिच्यासाठी ९३७ रुग्णवाहिका ठरवल्या गेल्या.

आता त्या पडलेल्या वडिलांकडे वळू. हृदय थांबले, की चार ते सहा मिनिटांत मेंदूच्या पेशी निकामी होऊ लागतात. रस्ता मोकळा असला तरी ताशी ६० किलोमीटर वेगाने पंधरा किलोमीटर यायला गाडीला पंधरा मिनिटे लागणारच. मधली पोकळी कोण भरणार? सिअ‍ॅटल परिसरात १९८०च्या दशकात यावर एक उपाय रुळला: फोन घेणाऱ्यानेच छाती दाबायला शिकवायचे. "छातीच्या मधोमध तळहाताची टाच ठेवा. पाच-सहा सेंटिमीटर दाबा, पूर्ण सोडा. माझ्याबरोबर मोजा." मिनिटाला १०० ते १२० वेळा. ११० धरले, तर पंधरा मिनिटांत १६५० वेळा! आकडे मोजणारा पुण्यात, दाबणारे हात तिसगावात. रक्त मेंदूकडे ढकलले जाते ते या दोघांच्या मेळातून.

या कामाचे सुख मला येथे दिसते. डॉक्टरला रोगी दिसतो, शिक्षकाला विद्यार्थी दिसतो. याला कोणीच दिसत नाही. गाडी पोचली, की फोन बंद होतो. रोगी वाचला की गेला, हे पुष्कळदा कळतही नाही. रात्रपाळ्या, उगाच केलेले फोन, कधी शिव्याही. पण मधूनच फोनमधून नवजात बाळाचे रडणे ऐकू येते. ३४०० हर्ट्‌झच्या पट्ट्यातूनसुद्धा ते ओळखता येते! आपल्या चार शब्दांचा परिणाम चार मिनिटांत कानावर पडावा, असा व्यवसाय दुसरा मला तरी चटकन आठवत नाही.

आपल्या पाथर्डी तालुक्याने तर हे विशेष ध्यानात घ्यावे. येथून कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला परमुलखात जातात. तेथे फडात बाईच्या कळा सुरू झाल्या, तर गावाचे नावही नवऱ्याला सांगता येत नाही. तेव्हा जाणता फोनवाला पत्ता विचारीत बसत नाही, "कोणत्या कारखान्याला ऊस जातो?" असे विचारतो. कारखाना कळला, की शोधायचा मुलूख आकसतो.

मी वर्गात एक प्रयोग करून पाहिला. दोन मुलांना पाठीला पाठ लावून उभे केले. एकाने आपल्या घराचा रस्ता सांगायचा, दुसऱ्याने फळ्यावर नकाशा काढायचा. तिसगावच्या एका मुलाला एक मिनिट चाळीस सेकंद लागले, आणि त्याने सांगितलेली मोठ्या लिंबाची खूण गेल्या पावसाळ्यातच उन्मळून पडली होती, हे त्याला शेवटी आठवले. दुसऱ्या दिवशी तो आला तो पत्ता पाठ करूनच. या वेळी लागले अठरा सेकंद.