जुन्या प्रशिक्षण विमानाचे संगणकीय अनुरूपण : 'एच.टी.-२' आणि कर्जत-खालापूरचा घाटपायथा

प्रस्तावना

विमान संग्रहालयात उभे राहिले की त्याचा आकार जतन होतो, वर्तन जतन होत नाही. इंजिन थंड असताना ते कसे कुरकुरते, धावपट्टीवर वेग घेताना नाक कोणत्या बाजूस वळू पाहते, उतरताना चालकाच्या पायांना किती काम पडते, हे ज्ञान ते विमान चालविणाऱ्यांच्या आणि त्याची देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञांच्या अंगवळणी पडलेले असते. त्यांच्याबरोबरच ते नाहीसे होते. हे वर्तन गणिताच्या साहाय्याने संगणकात पुन्हा उभे करण्याच्या प्रक्रियेस अनुरूपण, म्हणजेच रूढ शब्दांत सिम्युलेशन, असे म्हणतात. भारतीय बनावटीचे 'एच.टी.-२' हे प्रशिक्षण विमान आणि कर्जत-खालापूर तालुक्यांचा प्रदेश यांच्या आधारे या प्रक्रियेचे स्वरूप व तिच्या मर्यादा स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

एच.टी.-२ : अल्प परिचय

वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट या कंपनीची स्थापना झाली. याच उद्योजकाच्या हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीच्या आरंभीच्या कामांमध्ये भोर घाटातील रेल्वे बोगद्यांचा समावेश होतो. त्यामुळे कर्जत-खालापूर परिसराशी या इतिहासाचा एक धागा आधीपासून जोडलेला आहे. एच.टी.-२ चा आराखडा डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली तयार झाला. १९०८ साली कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेल्या घाटगे यांनी जर्मनीतील गटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्या मार्गदर्शनाखाली वायुगतिकीचे संशोधन केले होते.

एच.टी.-२ च्या पहिल्या नमुन्याने ५ ऑगस्ट १९५१ रोजी उड्डाण केले. संपूर्ण धातूची बांधणी, खालच्या बाजूस बसविलेले एकपदरी पंख, एकामागे एक अशी दोन आसने आणि शेपटीखाली लहान चाक ही त्याची ठळक वैशिष्ट्ये होत. भारतीय हवाई दलात त्याने टायगर मॉथ या दुपंखी विमानाची जागा घेतली. पुढे घानाच्या हवाई दलानेही ते वापरले. १९८० च्या दशकात एच.पी.टी.-३२ आल्यावर त्याचे कार्य संपत गेले.

प्रकाशित माहितीनुसार या विमानाचे भारित वजन सुमारे १,०१६ किलोग्रॅम, सर्वाधिक वेग ताशी सुमारे २०९ किलोमीटर, प्रवासी वेग ताशी सुमारे १८५ किलोमीटर, समुद्रसपाटीजवळ चढण्याचा दर मिनिटाला ८०० फूट आणि व्यावहारिक उंचीमर्यादा १४,५०० फूट होती. अनुरूपणाचा आरंभ अशा आकड्यांपासून होतो. परंतु तो तेथेच थांबला तर संगणकात जे उभे राहते ते केवळ त्या वजनाचे व त्या वेगाचे कोणतेतरी विमान असते.

अनुरूपणाच्या दोन पद्धती

पहिली पद्धत कोष्टकांची आहे. पंखावर समोरून येणारी हवा ज्या कोनात आदळते त्या प्रत्येक कोनासाठी उत्थापक बल, रोधक बल आणि विमानास फिरविणारे आघूर्ण यांचे गुणांक कोष्टकात नोंदविले जातात. संगणक दर सेकंदास अनेकदा ही कोष्टके वाचून बलांची बेरीज करतो व न्यूटनच्या नियमांनुसार विमानाची पुढची स्थिती काढतो. १९९७ पासून विकसित होत आलेल्या 'फ्लाइटगिअर' या मुक्तस्रोत आज्ञावलीत वापरले जाणारे 'जेएसबीसिम' हे गणनायंत्र या पद्धतीचे आहे. दुसऱ्या पद्धतीत पंखांचे व प्रोपेलरचे अनेक लहान तुकडे कल्पून प्रत्येक तुकड्यावरील बल स्वतंत्रपणे काढले जाते. 'एक्स-प्लेन' ही आज्ञावली या मार्गाने जाते.

पहिल्या पद्धतीत मोजमाप उपलब्ध असेल तेथे अचूकता मिळते, मात्र मोजमाप नसेल तेथे कोष्टक रिकामे राहते. दुसऱ्या पद्धतीत आकारावरून अंदाज बांधता येतो. परंतु हवेचा प्रवाह पंखापासून सुटू लागला, म्हणजे स्टॉल व त्यानंतरची स्पिन ही अवस्था आली, की तो अंदाज डळमळतो. प्रशिक्षण विमानाच्या बाबतीत ही अडचण गौण मानता येत नाही. स्टॉल आणि स्पिन यांतून बाहेर पडण्यास शिकविणे हेच अशा विमानाचे एक प्रमुख कार्य असते.

यंत्रणा आणि स्वभाववैशिष्ट्ये

(अ) इंजिन : पहिल्या नमुन्यात जिप्सी मेजर इंजिन होते, नंतर १५५ अश्वशक्तीचे सिरस मेजर इंजिन स्वीकारण्यात आले. म्हणजे एकाच नावाखाली दोन भिन्न वर्तनाची विमाने येतात आणि आपण कोणते विमान उभे करीत आहोत हे अनुरूपणकर्त्यास प्रथम ठरवावे लागते. दोन्ही इंजिने हवेने थंड होणारी, एका ओळीत चार सिलिंडर असलेली व उलटी बसविलेली, अर्थात सिलिंडरची डोकी खाली असलेली. अशा इंजिनात विमान उभे असताना वंगणतेल सिलिंडरमध्ये झिरपून साचू शकते. म्हणून इंजिन सुरू करण्यापूर्वी प्रोपेलर हाताने फिरवून पाहण्याची दक्षता घेतली जाते, तसेच सुरुवातीस धूर निघतो. बटण दाबताच शांतपणे सुरू होणारे अनुरूपित इंजिन हा सर्व पाठ गाळून टाकते.

(आ) प्रोपेलरची दिशा : जिप्सी मेजरचा प्रोपेलर चालकाच्या आसनावरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने फिरतो. प्रचलित अमेरिकी इंजिनांचा प्रोपेलर याच्या उलट फिरतो. परिणामी जिप्सी मेजर बसविलेले विमान उड्डाणाच्या धावेत उजवीकडे वळू पाहते व चालकाला डावा पाय रेटावा लागतो. अमेरिकी विमानाचे तयार प्रतिरूप घेऊन त्यावर जुन्या विमानाचे रंगरूप चढविले तर हा गुणधर्म नेमका उलटा होतो. तो दोष चित्रात दिसत नाही, पायाला जाणवतो.

(इ) शेपटीचे चाक : अशा विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. त्यामुळे जमिनीवर विमान किंचित वळले तर ते वळण आपोआप वाढत जाते आणि चालकाने रडरच्या साहाय्याने ते सतत दुरुस्त करावे लागते. अनेक आज्ञावल्यांमध्ये रडर आपोआप हाताळण्याची सोय असते. ती सोय चालू ठेवल्यास विमान सोपे होते, पण ज्या कौशल्यासाठी ते घडविले गेले तेच कौशल्य त्यातून वजा होते.

(ई) वजन : प्रशिक्षक उतरला आणि शिष्य प्रथमच एकटा उडाला तर सुमारे ७५ किलोग्रॅम वजन कमी होते. स्टॉलचा वेग वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे तो सुमारे ४ टक्क्यांनी घटतो, विमान अधिक वेगाने चढते आणि गुरुत्वमध्यही सरकतो. पहिल्या एकल उड्डाणातील हा बदल अनुरूपणात यावयास हवा.

(उ) होकायंत्र : विमान वळत असताना चुंबकीय होकायंत्र चुकीची दिशा दाखविते. ही चूक पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नतीवर अवलंबून असते. इंग्लंडमध्ये ही नती सुमारे ६६ अंश आहे. ज्या रायगड जिल्ह्यात १९०४ पासून अलिबागची चुंबकीय वेधशाळा कार्यरत आहे, तेथे ती २५ ते २८ अंशांच्या दरम्यान आहे. या कोनांच्या स्पर्शज्यांची तुलना केली असता कोकणात ही चूक इंग्लंडच्या तुलनेत चौथ्या हिश्श्याच्या आसपास येते. होकायंत्राचे वर्तन स्थानानुसार न बदलणारे अनुरूपण येथे चुकीचे वळण शिकवील.

कर्जत-खालापूरचा प्रदेश : एक कसोटी

जुहू ते पुण्याचा लोहगाव विमानतळ अशी सरळ रेषा नकाशावर काढली तर ती कर्जत आणि खोपोली यांच्या मधून जाते व राजमाचीच्या आसपास सह्याद्री ओलांडते. सुमारे १२८ किलोमीटरचे हे अंतर एच.टी.-२ ला प्रवासी वेगाने ४० ते ४५ मिनिटांचे आहे. उल्हास व पाताळगंगा या नद्यांच्या सखल खोऱ्यांतून घाटमाथा एकदम वर उठतो. खोपोली ते खंडाळा हे सरळ अंतर चार-पाच किलोमीटरचे असले तरी उंचीतील फरक ५०० मीटरांच्या आसपास आहे. राजमाचीचा श्रीवर्धन बालेकिल्ला सुमारे ९०० मीटर उंच आहे. तो सुरक्षितपणे ओलांडण्यासाठी १,२०० मीटर उंची गाठावयाची आहे असे समजू.

उन्हाळ्यात सखल भागाचे तापमान ३५ अंश सेल्सिअस, म्हणजे प्रमाणित वातावरणाहून २० अंश अधिक, असेल तर १,२०० मीटरवरील हवेची घनता समुद्रसपाटीच्या प्रमाणित घनतेपेक्षा सुमारे १७ टक्के कमी भरते. पंख व इंजिन यांच्या दृष्टीने विमान तेव्हा सुमारे १,९०० मीटरवर असते. व्यावहारिक उंचीमर्यादेवर चढण्याचा दर मिनिटाला १०० फूट उरतो ही व्याख्या घेऊन रेषीय गणित केले, तर येथे तो ८०० वरून सुमारे ५०० फुटांवर, अर्थात सेकंदाला अडीच मीटरवर येतो. आता पूर्वेकडून वारा वाहत असेल तर घाटमाथ्यावरून तो खोपोली-कर्जतच्या बाजूस खाली उतरतो. ही हवा सेकंदाला २ मीटर वेगाने उतरत आहे असे मानल्यास चालकाजवळ केवळ अर्धा मीटर शिल्लक राहतो. समोर कडा असताना हा फरक जीवनमरणाचा ठरतो. उंचसखलपणानुसार वाऱ्याचे उभे प्रवाह न मोजणाऱ्या आज्ञावलीत मात्र तेच विमान विनासायास घाट ओलांडते.

भूप्रदेशाच्या आकडेवारीचेही असेच आहे. फेब्रुवारी २००० मध्ये 'एंडेव्हर' या अंतराळयानातून झालेल्या रडार सर्वेक्षणाची आकडेवारी अनेक वर्षे जगातील बहुतांश भागासाठी सुमारे ९० मीटर अंतराच्या जाळीत आणि पुढे ३० मीटरच्या जाळीत उपलब्ध झाली. त्याआधी सुमारे एक किलोमीटरची जाळी वापरली जाई. ३०० मीटरचा एक उभा कडा कल्पिला, तर एक किलोमीटरच्या जाळीत तो अवघ्या १७ अंशांचा उतार होतो. ९० मीटरच्या जाळीत तो ७३ अंशांपर्यंत येतो. नागफणीचा सुळका जुन्या अनुरूपणात टेकडीसारखा भासणे त्यामुळे अपरिहार्य होते.

पावसाळ्यात आणखी एक धोका संभवतो. कार्ब्युरेटरमध्ये इंधनाचे बाष्पीभवन व हवेचे प्रसरण यांमुळे तापमान वीस अंशांहून अधिक घसरू शकते. बाहेर २५ अंश तापमान आणि भरपूर आर्द्रता असताना कमी शक्तीवर उतरणाऱ्या इंजिनातही त्यामुळे बर्फ साचू शकतो. बर्फाचा संबंध हिमालयाशी जोडणाऱ्या विद्यार्थ्यास कर्जतच्या आकाशातील हा संभव अनुरूपणातूनच पटवून देता येईल.

मर्यादा आणि विश्वासार्हता

अनुरूपणातील प्रत्येक संख्या सारख्या विश्वासाची नसते. काही संख्या मोजलेल्या, काही प्रकाशित, काही आकारावरून गणित करून काढलेल्या, काही चालकांच्या सांगण्यावरून घेतलेल्या, तर काही केवळ पडद्यावर ठीक वाटतात म्हणून ठेवलेल्या असतात. पडद्यावर या सर्व संख्या एकजीव होतात आणि अंदाजही पुराव्यासारखा दिसू लागतो. प्रत्यक्ष विमान उडेनासे झाले की हे प्रतिरूप ताडून पाहण्याचे साधन उरत नाही. पुढील पिढी प्रतिरूपालाच मूळ विमान समजण्याची शक्यता असते. म्हणून प्रत्येक संख्येपुढे तिचा उगम व तिच्यावरील विश्वासाची पातळी नोंदविणे ही अनुरूपणाची किमान शिस्त मानावयास हवी. मुक्तस्रोत आज्ञावलीत ही नोंद सर्वांना वाचता व तपासता येते, हा तिचा शैक्षणिकदृष्ट्या मोठा लाभ होय.

निष्कर्ष

जुन्या प्रशिक्षण विमानाचे अनुरूपण हा एका विषयाचा प्रांत नाही. बलांचे गणित भौतिकशास्त्राचे, घाटातील वारे व भूरूपे भूगोलाची, आज्ञावली संगणकशास्त्राची आणि निवृत्त चालक व तंत्रज्ञ यांच्या मुलाखती इतिहास व भाषा या विभागांच्या कक्षेतील आहेत. त्यांपैकी गणित, भूगोल आणि आज्ञावली यांची कामे काही वर्षे लांबणीवर पडली तरी फारसे बिघडत नाही. मुलाखतींना मात्र विलंब परवडणार नाही, कारण १९५० आणि १९६० च्या दशकांत या विमानावर शिकलेली पिढी आज वयोवृद्ध झाली आहे. महाविद्यालयांनी हा उपक्रम हाती घेतल्यास त्याचा प्रारंभ संगणककक्षातून न करता ध्वनिमुद्रणापासून करणे अधिक उचित ठरेल.