पाटकऱ्याविना पाट

साक्री हे खान्देशातील तालुक्याचे गाव कान नदीच्या काठी वसलेले असून ती कान पुढे पांझरेस आणि पांझरा तापीस मिळते, एवढा भूगोल आमच्याकडील शाळकरी पोरासही ठाऊक असतो. परंतु या नद्यांवर दगडी बंधारे घालून पूर्वजांनी शतकानुशतके जी फडपद्धत चालविली, तिचा कारभार कसा चाले हे सांगू शकणारी माणसे आता थोडीच उरली आहेत. बंधारा गावकीचा, पाट गावकीचा आणि पाण्याचा बंदोबस्तही शेतकऱ्यांनी निवडलेल्या पंचांचा. भिजणाऱ्या जमिनीचे फड पाडावेत, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावे, नदीला पाणी बेताचे असेल त्या साली एखादा फड सर्वानुमते पडीक ठेवावा; पाटकऱ्याने पाणी फिरवावे, जागल्याने पीक राखावे, हवालदाराने त्या दोघांवर नजर ठेवावी. एका बंधाऱ्याच्या पंचांचा हुकूम दुसऱ्या बंधाऱ्यावर चालत नसे. तथापि नदी एकच असल्यामुळे वरच्यांना खालच्यांशी बोलल्यावाचून गत्यंतरही नसे.

हे पाल्हाळ मी समाजमाध्यमांवरील लेखात का लावले, असे वाचक विचारतील. कारण असे की, मॅस्टोडॉन नावाचे जे माध्यम ऑयगेन रोख्को या जर्मनीतील तरुणाने 2016 साली सुरू केले, त्याची रचना मला कोणी संगणकाच्या परिभाषेत समजावून दिली तेव्हा ती कळली नाही, आणि पांझरेवरचा बंधारा डोळ्यांसमोर आणताच कळली. फेसबुक किंवा एक्स (पूर्वीचे ट्विटर) हे एका मालकाचे विशाल धरण होय. दरवाजे केव्हा आणि किती उघडायचे ते तोच ठरवितो. मॅस्टोडॉनमध्ये मात्र असंख्य लहानमोठे सर्व्हर आपापल्या चालकांच्या मुखत्यारीत असतात, प्रत्येकाचे नियम निराळे असतात, आणि ॲक्टिव्हिटीपब या समाईक संकेतामुळे एका सर्व्हरवरचा मनुष्य दुसऱ्यावरच्या मनुष्याचे लिखाण वाचू शकतो व त्यास उत्तर देऊ शकतो. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने जानेवारी 2018 मध्ये त्या संकेतास मान्यतेची मोहोर दिली.

रचना उत्तम, पण पहिल्याच संध्याकाळी माझी जी फजिती झाली ती सांगितली पाहिजे. खाते उघडले, नाव-गाव लिहिले, आणि पाहतो तो समोर सारे सामसूम. कोणी स्वागतास नाही, शिफारस करणारे यंत्र नाही, मराठीचा मागमूस नाही. मी समजलो की येथे आपल्यासारखे कोणी नाहीच. ही समजूत चुकीची होती. एखाद्या सर्व्हरवर बाहेरचे लिखाण मुख्यतः तेव्हाच येते, जेव्हा तेथील कोणीतरी त्या बाहेरच्या लेखकाचा अनुयायी होतो. तो होईपर्यंत तो लेखक त्या सर्व्हरच्या लेखी जवळजवळ अस्तित्वातच नसतो. पाटाला पाणी आहे, पण चारी कोणी फोडलेलीच नाही!

नोव्हेंबर 2019 मध्ये हाच अनुभव हजारो भारतीयांनी एकदम घेतला असावा. सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे खाते ट्विटरने बंद केले; नाझी काळातील जमावात एकटाच सलामी न देता हाताची घडी घालून उभा असलेल्या माणसाचे छायाचित्र हे त्यास निमित्त झाले. त्या संतापाच्या भरात पुष्कळ मंडळी मॅस्टोडॉनवर दाखल झाली, आणि त्यांतील बरीचशी काही काळाने निमूटपणे माघारी गेली. त्यांच्या निष्ठेस बोल लावण्याचे कारण मला दिसत नाही. घर बदलले खरे, पण शेजार मिळाला नाही.

शेजार मिळविण्याचे काम येथे यंत्र करीत नाही, ते पाटकऱ्याप्रमाणे माणसासच करावे लागते, हेच मला या माध्यमाविषयी मुख्यतः सांगावयाचे आहे. नवागताने प्रथम स्वतःची ओळख चार ओळींत लिहावी आणि तीत आपल्या आवडीच्या विषयांचे हॅशटॅग घालावेत; कारण शब्दशः शोध सर्वांच्या लिखाणात लागत नाही, ज्यांनी तशी मुभा दिली असेल त्यांच्याच लिखाणात लागतो. दुसऱ्याचे लिखाण आवडले तर नुसता तारा देऊन थांबू नये, त्याने लेखकास आनंदाचा निरोप तेवढा पोहोचतो. मजकूर पुढच्या शेतात न्यावयाचा तर तो बूस्ट करावा लागतो, आणि त्याहून मोलाचे म्हणजे दोन वाक्यांचे उत्तर लिहावे लागते. ब्लूस्काय या दुसऱ्या माध्यमाने यावर निराळी तोड काढली आहे: तेथे कोणीही आपल्या निवडीचा स्वतंत्र फीड तयार करून इतरांस खुला करू शकतो, आणि 2024 पासून ओळखीच्या खात्यांची तयार यादी नवागताच्या हाती देण्याची सोयही आहे. म्हणजे पाटकरी कोण असावा, याची निवड वाचकाने करावयाची.

हॅशटॅगची आमच्याकडे एक मौजेची अडचण आहे. कोणी ‘खानदेश’ लिहितो, कोणी ‘खान्देश’. मराठीत लिहिणारा ‘अहिराणी’ लिहितो, तर घरी ती बोलणारा, जिभेवर ण नसल्यामुळे, ‘अहिरानी’ लिहितो. माणसास हा एकच मुलूख, एकच बोली. यंत्रास मात्र चार परके रस्ते. आंतरराष्ट्रीय भाषासूचीत अहिराणीस ‘एएचआर’ ही स्वतंत्र तीन अक्षरे मिळालेली आहेत, पण त्या अक्षरांनी दोन अहिराणी माणसांची गाठ पडत नाही. यावर माझा तोडगा साधा आहे: मी दोन्ही रूपे लिहितो. शुद्धलेखनाचे कट्टर अभिमानी नाक मुरडतील, मुरडोत.

या व्यवस्थेचे दोषही झाकू नयेत. मी ज्या सर्व्हरवर प्रथम गेलो तो चालकाच्या खिशास परवडेनासा झाला आणि अल्प मुदतीची सूचना देऊन बंद पडला. खाते दुसरीकडे हलविता आले, अनुयायीही सोबत आले. जुने लिखाण मात्र तेथेच राहिले, कारण मॅस्टोडॉनमध्ये ते हलत नाही. बंधारा फुटला तर दगड वाहून जातात, हे आमच्या लोकांस सांगावयास नको; म्हणूनच फडपद्धतीत पाट साफ करणे आणि बंधाऱ्याची डागडुजी हा साऱ्या खातेदारांचा भार असे, व पाटकरी-जागल्यांना धान्यरूपाने मोबदला मिळे. उलट सर्व्हरसाठी वर्गणी मागणाऱ्याकडे आम्ही भिकाऱ्याकडे पाहावे तसे पाहतो. आमच्या नद्यांवरही भार उचलणारे असेच कमी झाले: पुढे मालनगाव, लाटीपाडा येथे धरणे झाली, कालव्यांचा अंमल कचेरीकडे गेला, तसा पाटकरीही बहुतेक ठिकाणी हळूहळू दिसेनासा झाला.

नव्या सर्व्हरवर गेल्यावर मी खापरावरच्या पुरणपोळीविषयी चार ओळी लिहिल्या आणि खाली चारही हॅशटॅग दिले. तीन दिवस काहीच नाही. चौथ्या दिवशी परदेशी राहणाऱ्या एका अनोळखी गृहस्थांचे उत्तर आले, तेही अहिराणीत: “खापर कोठे भेटी, भाऊ?” त्यांस काय उत्तर द्यावे हे ठाऊक नसल्यामुळे मी तो प्रश्न बूस्ट केला.