दांडी खाली, मोटार सुसाट

आमच्या घरात मोटारी पुष्कळ आल्या, पण त्यांतली एकही आमची नव्हती. आबांचे रिवाइंडिंगचे दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी टेम्पोतून येतात, आबा जळकी तार उपसून नवी भरतात आणि मोटार पुन्हा विहिरीवर जाते. अशा घरातली कॉलेजची पायरी चढलेली पहिली मुलगी इतिहास घेऊन बी. ए. करते आणि रविवारी विमाने उडवते, हे गावाला अजून नीटसे पटलेले नाही. विमाने अर्थात खेळण्यातली, फोमची. हा नाद मला एन.सी.सी.च्या एअर विंगमध्ये लागला. परेड मैदानावर विमान घेऊन गेले की वर्गातले हमखास विचारतात, "यात पेट्रोल किती बसतं?" त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून हा लेख.

पेट्रोल बसत नाही. पोटात एक बॅटरी असते, नाकाशी मोटार असते आणि या दोघींच्या मध्ये काडेपेटीएवढी एक वस्तू असते. तिला म्हणतात इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर. हातातल्या ट्रान्समीटरची दांडी जेवढी वर करावी, तेवढी वीज हा कंट्रोलर मोटारीला पोहोचवतो. वाचायला सोपे आहे. मलाही सोपेच वाटले होते.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी शिष्यवृत्तीच्या पैशांतून एक जुना ट्रान्समीटर घेतला आणि माझे पहिले स्वतःचे विमान दुकानातल्या बाकावर जोडायला बसले. कंट्रोलरसोबतच्या पत्रकात पहिलीच सूचना होती की जुळणी करताना पंखा काढून ठेवावा. ती मी वाचली होती. पण पंखा लावल्यावर विमान विमानासारखे दिसत होते, आणि आबा बघायला आले होते! ट्रान्समीटर सुरू केला, दांडी अगदी खाली ठेवली, बॅटरी जोडली. मोटारीतून दोनदा 'टूं टूं' वाजले. मी दांडी थोडी वर केली, काही नाही. पार वर नेली, तेव्हा आणखी काही सूर वाजले, पण मोटार हलेना. "बिघडलं वाटतं," असे म्हणून मी दांडी खाली घेतली.

आणि मोटार पूर्ण वेगात सुटली. घाबरून मी दांडी आणखी खाली दाबत राहिले. विमानाने बाकावर झेप घेतली, पंखा लोखंडी व्हाइसवर आपटून फुटला आणि त्याचा एक तुकडा आबांच्या भुवईवर लागला. बॅटरीची तार त्यांनीच उपटली. दोन टाके पडले. अर्धा इंच खाली लागता तर काय झाले असते, हे डॉक्टरांनी बोलून दाखवले नाही, पण आम्हां दोघांनाही ते कळले.

टाके घालून आल्यावर आबा रागावतील असे वाटले होते. ते एवढेच म्हणाले, "जोड सोडल्याबिगर मोटारीला लाइन देत न्हाईत, हे दुकानातल्या पोरालाबी ठावं हाय." मग ते फुटके विमान हातात घेऊन विचारू लागले, "बॅटरीच्या दोन तारा, मग मोटारीला तीन कशाला?"

उत्तर सांगताना मलाच ते पहिल्यांदा नीट समजले. विमानाची मोटारही विहिरीवरच्या मोटारीसारखी तीन फेजची. आपल्याकडे तीन फेज तारांवरून येतात आणि सेकंदाला ५० आवर्तने ठरलेली, म्हणून पंपाचा वेगही ठरलेला. बॅटरीची वीज मात्र डीसी, एकाच दिशेची. कंट्रोलर ती तीन तारांवर आळीपाळीने सोडतो आणि आपले फेज आपणच बनवतो. ही अदलाबदल जितकी जलद, तितकी मोटार जलद. चुंबक नेमके कुठे आले, हे त्या क्षणी रिकाम्या असलेल्या तारेत निर्माण होणाऱ्या दाबावरून तो ओळखतो. माझ्या मोटारीवर १००० केव्ही असे लिहिले आहे. ते किलोव्होल्ट नव्हेत. एका व्होल्टला मिनिटाला हजार फेरे, असा त्याचा अर्थ. बॅटरी ११.१ व्होल्टची, म्हणजे पंख्याशिवाय सुमारे अकरा हजार फेरे. आबांनी भुवईवरच्या पट्टीला हात लावला आणि म्हणाले, "मंग ही उलटी फिरली, तर दोन तारा अदलाबदल करायच्या?" अगदी तसेच! तीनपैकी कोणत्याही दोन.

आता माझी चूक. रिसिव्हर कंट्रोलरला सेकंदाला सुमारे ५० वेळा एक स्पंद पाठवतो. स्पंद १ मिलिसेकंदाच्या आसपास असेल तर 'थांब', २ च्या आसपास असेल तर 'पूर्ण वेग'. पण प्रत्येक ट्रान्समीटरच्या या दोन टोकांत थोडा फरक असतो, म्हणून ती कंट्रोलरला शिकवावी लागतात. रीत अशी की दांडी पूर्ण वर ठेवून बॅटरी जोडायची, दोन सूर ऐकायचे आणि लगेच दांडी पूर्ण खाली आणायची. मग बॅटरीत जितके सेल तितके सूर आणि शेवटी एक लांब सूर येतो. (कंट्रोलरला स्वतःचा भोंगा नसतो, मोटारीची वेटोळीच थरथरून वाजतात, याचे मला फार कौतुक वाटते.) माझ्या जुन्या ट्रान्समीटरवर दांडीची दिशा उलटवणारी कळ नेमकी उलट होती. त्यामुळे मी खाली ठेवलेली दांडी कंट्रोलरला 'पूर्ण वेग' वाटली, वर नेली ती 'थांब' वाटली, आणि नकळत मी त्याला उलटा धडा पढवला. त्याने तो बिनचूक पाठ केला. कळ सरळ करून, पंखा काढून, तोच धडा पुन्हा दिला तेव्हा सारे सुरळीत झाले.

बाकीच्या जुळण्या सुरांवरूनच निवडायच्या असतात. ब्रेक बंद ठेवला, कारण तो मिटणाऱ्या पंख्याच्या ग्लायडरला उपयोगी. बॅटरीचा प्रकार लिथियम निवडला. खरा विचार करावा लागला तो वीज तोडण्याच्या मर्यादेचा. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्टचा असतो; ३ च्या खाली गेला की कायमचा खराब होऊ लागतो. मी सर्वांत वरची मर्यादा घेतली आणि मोटार एकदम बंद न होता हळूहळू मंदावेल, असे ठेवले. बॅटरीच्या भल्यापेक्षाही यात दुसरा हिशेब आहे. पंखांच्या झडपा हलवणाऱ्या सर्व्होंना आणि रिसिव्हरला ५ व्होल्ट याच कंट्रोलरमधून मिळतात. मोटारीने शेवटच्या थेंबापर्यंत वीज ओढली, तर विमान वर असतानाच मुके व्हायचे. वेळीच मोटार सोडली, तर पंखा थांबला तरी ते घरंगळत खाली आणता येते.

पंखा मोठा लावला की अँपिअर चढतात. ते मोजायला आबांनी उत्साहाने टाँग टेस्टर काढला, पण तो एसीचा, बॅटरीच्या तारेवर काट्याने मानच हलवली नाही. शेवटी युनिटमधला मीटर आणला. ३० अँपिअरच्या कंट्रोलरवर १६ भरले.

नवा पंखा हल्ली दुकानातल्या खुंटीवर, आबांच्या चष्म्याशेजारी टांगलेला असतो. मी मोटारीच्या टोपीला कागदाची चिठ्ठी चिकटवते, दांडी जराशी वर करते, आबा चिठ्ठी कुणीकडे फिरते ते पाहतात, दांडी खाली आणून मोटार थांबवायला सांगतात, बॅटरी स्वतः काढतात आणि मग खुंटीकडे हात नेतात.